पाच गाड्या आणि सतरा

"आज किती आले असतील हो काका?" असं कुणी विचारलं की ते फुटबॉलच्या मैदानभर एकदा नजर फिरवायचे आणि सांगायचे, "सत्तर गाड्या. वर नऊ उभे."

माणसं गाड्यांत मोजणारा हा एकच माणूस मी पाहिला. त्यांची एक गाडी म्हणजे चव्वेचाळीस. त्यांच्या काळी लाल एसटीत तेवढी आसनं असत, आणि त्या एसट्या मार्गी लावण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. भोंग्यावरून प्रेक्षकांचा आकडा जाहीर झाला की ते तोंड वाकडं करत. "त्यांनी खुर्च्या मोजल्यात. माणसं मी मोजलीत." हातात वही नाही, यंत्र नाही. उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवायचा आणि पेरापेरानं पुढं सरकायचं. चव्वेचाळीस झाले की डाव्या हाताचं एक पेर. मी गणिताची शिकवणी घेणारी बाई. एकदा त्यांच्या शेजारी उभं राहून मीही गेटवर मोजून पाहिलं. माझे दोन चुकले. ते म्हणाले, "असू दे, तू फक्त शिकवतेस."

शहरातल्या एका बसस्थानकावर ते कंट्रोलर होते, म्हणजे चौकशीच्या खिडकीमागं बसून माइकवर गाड्या पुकारणारे गृहस्थ. निवृत्तीबरोबर खिडकी गेली, आवाज राहिला. 'कृपया' हा शब्द त्यांनी माइकसमोर इतक्यांदा उच्चारला होता की खासगी आयुष्यासाठी तो शिल्लकच नव्हता. पाठीमागं आम्ही सगळे त्यांना कंट्रोलर म्हणायचो, तोंडावर काका. पांढरा फुल बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला, आणि खिशात दोन पेनं. एक लिहिणारं आणि एक न लिहिणारं. न लिहिणारं कशाला, असं मी विचारलं होतं. "मागायला येणाऱ्यांसाठी," ते म्हणाले.

आता 'पुण्यात कसला आलाय फुटबॉल?' असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पूर्वी घालायचे. आमचा क्लब जुना, गरीब आणि हट्टी होता. खेळाडू नोकऱ्या सांभाळून खेळायचे आणि आम्ही नोकऱ्या बुडवून बघायला जायचो. मी तेव्हा तेविशीत होते. गणपतीत ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायचे आणि उरलेलं वर्षभर तोच ताशा मैदानावर. रागही तेव्हा नाकाच्या शेंड्यावर. तसा तो आताही आहे, पण आता नाकावर चष्मा असतो, त्यामुळे जागा कमी पडते.

कंट्रोलर आमच्या क्लबचे जुने समर्थक, पण आमच्यात कधी बसले नाहीत. ते बसायचे समोर, पाहुण्यांच्या स्टँडमध्ये, शेवटच्या रांगेत कडेला. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हे फितुरीचं काम वाटलं. एका सामन्याच्या मध्यंतरात ते मैदानाला वळसा घालून आमच्याकडे आले. म्हटलं, आला गडी परत आपल्यात. तर ते म्हणाले, "ताशा कोण वाजवतंय?"

"मी."

"जरा जोरात वाजव. पलीकडं ऐकू येत नाही. पाहुण्यांना वाटतंय या गावात कुणी राहत नाही."

आणि परत गेले. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'ताशा'. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

पाहुण्यांत बसण्याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. "घरी कार्य असलं की यजमान पाहुण्यांच्या पंगतीवर लक्ष ठेवतो, स्वतः सगळ्यांच्या मागून जेवतो. हे आपलं कार्य आहे. तुम्ही सगळे आधीच जेवायला बसलात, मग वाढायला कुणीतरी नको?" वाढायचं म्हणजे काय, तर गेटवर उभं राहून पाणी कुठं आहे, बायकांची सोय कुठं, परतीची शेवटची बस किती वाजता, हे सांगायचं. सांगण्याची पद्धत मात्र खिडकीतलीच. "हे पाहुण्यांचं गेट का हो?" असं एकानं विचारलं, तर म्हणाले, "नाही, देवळाचं आहे. चपला काढून या." तो बिचारा खरंच वाकला. मग त्याला दंडाला धरून आत नेलं, सावलीतली जागा दिली, आणि परत येऊन पेरावर अंगठा ठेवला.

तिथं बसून ते आमच्या गोलाला टाळी वाजवायचे नाहीत. आमचा गोल झाला की दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचे. पाहुण्यांच्या देखत आनंद करणं म्हणजे जेवणाऱ्यासमोर ढेकर देणं, असं त्यांचं मत.

त्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला तो केरळ-बंगालच्या संघांच्या वेळी. त्या सामन्यांना पाहुण्यांचा स्टँड खच्चून भरायचा, आमच्या दुप्पट. पण हे पाहुणे आलेले असायचे वाकडहून आणि खराडीहून! आयटीतली मुलं, इथंच राहणारी. कंट्रोलर गेटवर प्रत्येकाला विचारायचे, "कहां से आये?" आणि 'वाकड' ऐकलं की चेहरा पाडायचे. मोजावं तरी पंचाईत, न मोजावं तरी पंचाईत. शेवटी त्यांनी तोडगा काढला. इथं राहून तिकडच्या संघासाठी ओरडणारा तो अर्धं तिकीट. दोन मिळून एक. एक बंगाली पोरगा बरीच वर्षं यायचा, त्यानं एकदा हसत विचारलं, "अंकल, मेरा फुल टिकट कब होगा?"

"जिस दिन इधर के लिए ताली बजाओगे."

"तब फुल?"

"तब गिनूंगाही नहीं," कंट्रोलर म्हणाले. मग माझ्याकडे बघून मराठीत, "घरच्यांना कोण मोजतं?"

पण मोजणं ही अर्धीच गोष्ट. खरी गोष्ट सामना संपल्यावर. आत येताना जितके मोजले तितके परत गाड्यांत बसेपर्यंत हा माणूस मैदान सोडायचा नाही. कोण मुक्कामाला राहणार, कोण नातेवाइकांकडे जाणार, हे येतानाच विचारून ठेवलेलं असायचं. "आले तेवढे गेले पाहिजेत." आम्ही खूप हसायचो. माणसं काय हरवतात का या जमान्यात? खिशाखिशात फोन आहेत.

तर आता मूळ मुद्द्यावर येते. इतका वेळ मी जरा आजूबाजूलाच फिरत होते, हे माझं मला कळतंय.

क्लबांच्या राज्य स्पर्धेची अंतिम फेरी होती, बालेवाडीला. आम्ही इतक्या वर्षांत पहिल्यांदा अंतिम फेरीत. आणि समोर कोल्हापूर! कोल्हापूरला फुटबॉल म्हणजे काय हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. तिथं पेठापेठांतून पोरं बूट घालूनच जन्माला येतात. सकाळपासून त्यांचे टेंपो, ट्रॅक्स आणि दोन मिनीबस येऊन लागल्या. हलग्या, पिवळे मफलर, भंडाऱ्याची उधळण. गेटवर कंट्रोलर तीन तास उभे होते. मला लांबूनच बोटं दाखवून ओरडले, "पाच गाड्या आणि सतरा!" इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही हरलो. शेवटच्या मिनिटाला, पेनल्टीवर. आणि ती पेनल्टी नव्हती. ती पेनल्टी नव्हतीच, हे मी आजही कुणालाही मैदानात नेऊन जागेवर उभं करून सिद्ध करून दाखवेन. असो. माझ्या ताशाचं पान फाटलं होतं, घसा बसला होता, पलीकडं हलग्या कडाडत होत्या. मी बाहेर पडले ती कुणाला तरी चावेन अशा बेतानं.

आणि नेमका तेव्हाच एक म्हातारा समोर आला. गळ्यात पिवळा मफलर, डोक्याला टोपी, हातात प्लॅस्टिकच्या वायरची विणलेली पिशवी. घाबरलेला वगैरे मुळीच नाही, चेहऱ्यावर नुसता आनंद.

"लेकी, मी जरा तिकडं लघवीला गेलतो, तवर आमची मंडळी फुडं गेली. कोल्हापूरच्या गाड्या कुठं लागल्यात गं?"

गाड्या उजवीकडं, शे-दोनशे पावलांवर होत्या. मला ते पक्कं माहीत होतं. मी डावीकडं हात केला. "सरळ जा आजोबा, पुलाखालून, मग डावीकडं. तिथंच आहेत."

"पांडुरंग बरं करू दे तुजं," म्हणाला आणि निघाला.

मी पाहत उभी राहिले. हाक मारावी असं एकदा वाटलंसुद्धा. पण मारली नाही. जरा फिरू दे, म्हटलं. जिंकलेत ना, मग चालू देत थोडं. इतकंच. इतका क्षुद्र विचार माणूस स्वतःशी करतो आणि वर त्याला मजा वाटते. मला मजा वाटली होती, हेही लिहून टाकते.

अर्ध्या तासानं स्कूटर काढायला गेले तर कोल्हापूरच्या गाड्यांपाशी ही गर्दी. सगळ्यात पुढच्या टेंपोसमोर कंट्रोलर दोन्ही हात पसरून उभे. त्यांच्यासमोर मिशांचा एक दांडगा गडी, मंडळींचा म्होरक्या.

"ओ आजोबा, सरका की बाजूला. आमची माणसं आमी मोजल्यात."

"किती आहेत?"

म्होरक्यानं मागं वळून टेंपोंकडं पाहिलं.

"पाच गाड्या आणि सतरा आले होते," कंट्रोलर म्हणाले. "पाच गाड्या आणि सोळा बसलेत. एक कमी आहे."

"पाच गाड्या? आमच्या सात हायत!"

"तुमच्या सात असतील. माझ्या पाच."

यावर जो हशा पिकला! म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, कुणीतरी उचला रे ह्याला. प्रत्येक टेंपोला वाटत होतं की जो नाही तो दुसऱ्या टेंपोत आहे. कंट्रोलर ढिम्म हलेनात. त्यांनी डोळे मिटले, अंगठा पेरांवरून उलटा फिरवत नेला, आणि म्हणाले, "टोपी, पिवळा मफलर, वायरची पिशवी. पाणी विचारलं तर नको म्हणाले होते."

म्होरक्याचा चेहरा उतरला. "आयला, तात्या!" मग पळापळ. तात्यांकडे फोन नव्हता. फोन कशाला, सगळी आपलीच माणसं हायत की, असं म्हणून ते घरीच ठेवून आले होते.

सव्वादोनशेवर कोल्हापूरकर, आणि मी. पळून जाणं अगदी सोपं होतं, किल्ली हातात होती. मी कंट्रोलरांच्या मागं गेले आणि त्यांच्या बाहीला धरून हळूच म्हणाले, "काका, मी सांगितला रस्ता. चुकीचा. मुद्दाम."

मला वाटलं, थोबाडीत बसणार. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि फक्त विचारलं, "शब्द काय वापरलेस? नेमके."

"सरळ. पुलाखालून. मग डावीकडं."

"मग तसेच गेले असतील. सांगितल्यासारखे जाणारे आहेत ते." म्होरक्याला म्हणाले, "दहा मिनिटं द्या," त्याच्या ड्रायव्हरच्या हातातली किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि माझ्या स्कूटरवर मागं बसले.

वाटेत ते बोलले. मागं बसून, कानाशी, थांबत थांबत. त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला नाही, आणि तेच बरं झालं. खिडकीवर असताना एकदा एक माणूस आला होता. गाडी कधी लागणार, म्हणून तीनदा विचारलं. "तिन्ही वेळा मी म्हटलं, बोर्ड वाचा. दिवसभरात हजार लोक विचारतात, ताशा. मी मान वर करूनही पाहिलं नाही. त्याच्यासमोरून त्याची गाडी आली, लागली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या लेकीचं लग्न होतं. पोचेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या."

"तुम्हाला कसं कळलं?"

"महिन्याभरानं परत आला. भांडायला नाही. भांडला असता तर मी उत्तर दिलं असतं. नुसतं खिडकीशी येऊन म्हणाला, साहेब, मला वाचता येत नव्हतं. आणि गेला."

पूल गेला, डावीकडं वळलो.

तात्या एका बंद चहाच्या टपरीच्या कट्ट्यावर बसले होते, पायताण काढून शेजारी नीट ठेवलेलं. आम्हाला पाहून उठले.

"चला, गाडी थांबलीय," कंट्रोलर म्हणाले.

"माज्यासाठनं थांबली?"

"मग काय माझ्यासाठी?"

तात्या माझ्याकडे बघून हसले. "ह्या लेकीनं बरोबरच सांगितलं व्हतं बघा. मीच कुठंतरी चुकलो. लेकीची जात खोटं कशाला सांगंल?"

कंट्रोलरांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "ताशा, तू यांना घेऊन जा. मी चालत येतो."

दीड-दोन किलोमीटर मी आणि तात्याच. सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मागून ते त्यांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाबद्दल सांगत होते, कुठल्या साली कुणी कसा गोल मारला ते सांगत होते, आणि मध्येच हात पुढं करून भडंग देत होते. "खा की, घरचं हाय." मी खाल्लं. खोटं बोलून ज्याला चालवलं त्याच्या हातचं भडंग मी सिग्नलला थांबून खाल्लं, आणि तोंडातून शब्द काढला नाही.

आम्ही पोचताच टेंपो एकदम कडाडून हलग्या वाजवायला लागले. तात्यांना उचलून आत घेतलं. पंचवीसेक मिनिटांनी कंट्रोलर चालत आले, घामानं शर्ट भिजलेला. त्यांनी किल्ली परत दिली, पाच गाड्या आणि सतरा पुरे केले, आणि माझ्याकडे वळले.

"सांगितलंस?"

"नाही."

"तुझं पार्सल आहे. तूच पोचवायचं. मी पोचवणार नाही."

त्यानंतर हा प्रश्न माझ्यामागं लागला तो लागलाच. प्रत्येक सामन्याला, मैदानाला वळसा घालून येऊन, "सांगितलंस?" मी नाही म्हटलं की ते म्हणायचे, "मग गाडी उभीच आहे." आणि परत जायचे. रागवायचे नाहीत, समजूत घालायचे नाहीत. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

त्यांची आणि तात्यांची मात्र गट्टी जमली. दर रविवारी फोन. तात्या म्हणायचे कोल्हापूरला या, आमच्या पेठांची मॅच बघा. कंट्रोलरांना जायचं होतं. एवढी वर्षं पाहुणे मोजले, पण स्वतः ते कधीच पाहुणे म्हणून कुठल्या मैदानावर गेले नव्हते. "एकदा त्या बाजूनं बघायचंय," म्हणायचे. "पण तुझ्याबरोबर." बरोबर का, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मग मला दरवर्षी काहीतरी निघायचं. शिकवणीतल्या पोरांची परीक्षा. पथकाची सुपारी. भावाचं लग्न. एका वर्षी तर मी चक्क ताप आल्याचं सांगितलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "तापात प्रवास करू नये."

पुढं आमच्या क्लबनं मोठा संघ उतरवणं बंद केलं. पैसे नाहीत, मैदान नाही, पोरं नाहीत, कारणं तीच. आमचा घोळका पांगला. कोथरूडला त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी एक बाकडं होतं, तिथं ते संध्याकाळी बसायचे. मी शिकवणीला जाताना थांबायचे. शाळेच्या बसमधून उतरणारी मुलं मोजत असायचे. वॉचमनला सांगायचे, "सकाळी एकोणीस चढली होती. अठरा उतरलीत. एकाची आजी लवकर घेऊन गेली. विचारून ठेवलंय."

शेवटचं भेटले तेव्हा थकलेले दिसले. आवाजही बारीक झालेला. मी म्हटलं, "काका, या वर्षी नक्की जाऊ कोल्हापूरला."

"सांगशील?"

मी मान हलवली.

"हो की नाही, ते बोल. मान दिसत नाही मला आता."

"हो," मी म्हटलं.

त्या भेटीनंतर बाराव्या दिवशी ते गेले. घरीच, दुपारी, झोपेत. मी त्यांच्या मुलीकडे भेटायला गेले, तर शर्ट घडी करून ठेवला होता आणि त्याच्या खिशात दोन पेनं. मी रडले नाही, मला नुसता राग आला. त्यांचा नाही, माझाच. एका माणसाला आयुष्यात एकदा पाहुणा व्हायचं होतं, आणि मी माझी लाज झाकायला त्याला वर्षानुवर्षं थांबवून ठेवलं होतं. रस्ता चुकवणं परवडलं. मी तर दुसऱ्यांदा त्याहून वाईट केलं होतं.

त्यांच्या मुलीनं तात्यांचा नंबर दिला. फोन केला. तात्या ओरडलेच, "अगं किती दीस झालं, त्यांचा फोन न्हाई! आजारी हायत का?" मला फोनवर सांगवेना. मी म्हटलं, "येतोय आम्ही. फायनलला." आम्ही! बघा, भित्रा माणूस बहुवचनातसुद्धा लपतो.

स्वारगेटवरून सकाळची गाडी धरली. कात्रज ओलांडलं आणि उतरून परत जावं असं मला निदान चार वेळा वाटलं.

दोन पेठांची अंतिम लढत. गाव सगळं त्या मैदानाकडे वाहत होतं. पोरं भिंतीवर, झाडांवर, पत्र्यांवर. मी सवयीनं नजर फिरवली. पाचशे गाड्या तरी असतील, आणि उभे किती त्याला गणतीच नाही. आणि त्या सगळ्या माणसांत बाहेरून आलेली मी एकटी. या पेठेची नाही, त्या पेठेचीही नाही.

गेटवर तात्या उभे होते. पार वाकलेले, पण मफलर तोच. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या दुसऱ्या पेरावर होता. मला पाहिलं, माझ्यामागं पाहिलं.

"कंट्रोलर?"

"गेले, तात्या. दोन महिने झाले."

त्यांनी टोपी काढली. मागून लोक ढकलत होते, हलग्या वाजत होत्या. मग त्यांनी अंगठा हळूच दुसऱ्या पेरावरून पहिल्यावर आणला.

"म्हंजे एकच," म्हणाले. "त्यांनीच शिकवलं व्हतं मला. फोनवर. चल, आत चल."

मध्यंतरात वायरच्या पिशवीतून भडंग निघालं. पिशवीसुद्धा तीच. त्यांनी माझ्या ओंजळीत भडंग ओतलं, आणि मी ते तोंडात घालायच्या आत बोलले.

"तात्या, त्या दिवशी पुण्यात मी तुम्हाला चुकीचा रस्ता सांगितला होता. माहीत असून. गाड्या उजवीकडं होत्या, मी डावीकडं हात केला."

"का?"

"हरलो होतो म्हणून."

"निस्तं तेवढ्यासाठनं?"

"हो."

"कंट्रोलरला ठावं व्हतं?"

"त्याच वेळी. ते म्हणाले, तू सांग. मी सांगितलं नाही."

तात्यांनी पिशवीचं तोंड आवळलं. "असं व्हय," म्हणाले. बस. सगळा उत्तरार्ध ते माझ्याकडे वळले नाहीत. त्यांच्या पेठेनं दोन गोल मारले, भोवती माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, आणि ते समोर बघत बसलेले. मी हातातलं भडंग खाल्लं नाही, टाकलंही नाही. तसंच धरून बसले.

सामना संपला. गेटबाहेर आलो. गर्दी चारी बाजूंना फुटत होती, मला काही दिशा कळेना. फोन काढायचा होता, पण का कोण जाणे, काढला नाही.

"तात्या," मी म्हटलं, "एसटी स्टँडकडं कसं जायचं?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. पहिल्यांदाच, मध्यंतरानंतर. मग हात उचलला.

"सरळ जा. त्या चौकातनं डावीकडं."

मी त्या चेहऱ्यात काही दिसतं का ते शोधत होते. काही दिसेना. ना राग, ना हसू. माझीच वाक्यं माझ्या पदरात घातली होती, आणि ती खरी की खोटी हे चालल्याशिवाय कळणार नव्हतं.

"डावीकडं?"

"डावीकडं."

मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि निघाले. कुणाला दुसऱ्यांदा विचारलं नाही. चौकापर्यंत पोचले आणि मागं वळून पाहिलं.

गर्दी बरीच ओसरली होती. तात्या गेटपाशी तसेच उभे होते. माझं लक्ष आहे असं पाहून त्यांनी उजवा हात वर केला, चांगला डोक्याच्या वर, मला लांबून दिसावा म्हणून. अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर होता.

मी डावीकडं वळले. स्टँड तिथंच होता.